वाघाची मावशी घरी आणताना

मैत्रिणींनो, परीक्षा संपल्या आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली, की घरोघरी एक मागणी ठरलेली असते. "आई, आपण काहीतरी पाळू या ना!" पूर्वी हे 'काहीतरी' म्हणजे गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू, नाहीतर पिंजऱ्यातला पोपट असायचा. हल्लीची मुलं मोबाईलवर सगळं जग बघतात, तेव्हा मागण्याही जगभरच्या असतात. कुणाला हॅमस्टर हवा असतो, कुणाला इग्वाना, तर कुणाला फेरेट.

हा फेरेट कोण, असं तुम्ही विचाराल. दिसायला थेट आपल्या मुंगसासारखा, लांबुळक्या अंगाचा, आखूड पायांचा, भारी खोडकर प्राणी. बिळात दडलेले ससे हुसकून बाहेर काढायला युरोपातल्या लोकांनी त्याला दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवलं. इंग्लंड-अमेरिकेत आज तो हौसेनं घरात ठेवतात. पण त्याला अंगातली उष्णता घामावाटे टाकता येत नाही. पारा तीस अंशांच्या वर चढला, की त्याला उष्माघाताचा धोका. आपल्याकडे जळगाव-नागपूरच्या मे महिन्यात त्या बिचाऱ्याचं काय होईल, याचा विचारच केलेला बरा. शिवाय अंगाला उग्र दर्प, आणि त्याच्या दुखण्याखुपण्याची माहिती असलेला डॉक्टर गावात सापडणं कठीण. मग मुंगूसच पाळू म्हणाल, तर तेही चालणार नाही. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे. आपला रानातला हिरवा पोपटही त्याच कायद्याखाली येतो. त्याला पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, हे अजून पुष्कळ घरांत ठाऊकच नसतं.

मग दोन-तीन खोल्यांच्या घरात, फिरायला न्यायची कटकट नको असलेल्या गृहिणीला उरतं कोण? आपली वाघाची मावशी! मांजराचं नि माणसाचं नातं फार जुनं. माणूस शेती करू लागला, धान्याची कोठारं भरली, त्यांत उंदीर शिरले आणि उंदरांमागोमाग आफ्रिका-पश्चिम आशियातलं रानमांजर माणसाच्या दारात आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते २००४ साली जगापुढे आलं. इतक्या जुन्या पाहुणीला घरात घ्यायचं, तर ते पुरता विचार करूनच घ्यावं. मुलं रडली म्हणून आणलं आणि आठ महिन्यांनी नकोसं झालं, असं होऊ नये. तेवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी घराला विचारा

मांजर साधारणपणे बारा ते पंधरा वर्षं जगतं. घरातच राहणारं आणि नीट निगा राखलेलं असेल, तर कधी कधी विसाव्या वर्षापर्यंतही. म्हणजे आज तिसरीत असलेला तुमचा मुलगा नोकरीला लागेल, तरी मांजर घरात असेल! म्हणून पिल्लू बघायला जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरं शोधावीत.

पहिला प्रश्न, त्याचं करणार कोण? "मुलं करतील" हे उत्तर मुळीच धरू नका. पहिले पंधरा दिवस मुलं भांडून करतात. सोळाव्या दिवसापासून वाळू काढणं, वाटी घासणं, केस झाडणं हे सगळं अलगद आईच्या पदरात येऊन पडतं. घरात एक जीव वाढला म्हणजे बाईच्या कामात भर पडणार, हे गृहीतच धरलं जातं. ते तसं धरू देऊ नका. कोणी काय करायचं ते कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. वाळू मुलानं, पाणी आणि खाणं मुलीनं, डॉक्टरकडे नेणं यजमानांनी. कागद लावायला कोणी कुरकुर केली, तर पुढचं काय ते तुम्हांला आत्ताच कळलं असं समजा.

दुसरा प्रश्न दम्याचा. मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, असं सासूबाई सांगतात आणि त्यांच्या सासूबाईंनीही हेच सांगितलेलं असतं. केस पोटात जाऊन दमा होत नाही. पण ही समजूत अगदीच पोकळही नाही, बरं का. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात एक प्रथिन असतं, त्याची काही माणसांना ॲलर्जी असते. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते आणि तिचे बारीक कण हवेत उडतात. मग शिंका, डोळ्यांतून पाणी, आणि दमेकऱ्याला धाप. म्हणून ज्यांच्याकडे मांजर आहे अशा ओळखीच्या घरी सगळ्यांनी दोन-तीन वेळा तासभर तरी बसून यावं. कोणाला त्रास झाला, तर मांजराचा विचार तिथंच सोडावा. आणल्यावर बाहेर घालवण्यापेक्षा न आणणं केव्हाही चांगलं.

तिसरा प्रश्न सामिष खाण्याचा. घरात अंडंसुद्धा चालत नसेल, तर हा प्रश्न टाळू नका. कुत्रं एक वेळ पोळी-भाजीवर निभावून नेईल, पण मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला पुरेसा लागतोच, आणि तो मांस-माशांतच असतो. तो कमी पडला तर हळूहळू दृष्टी जाते आणि हृदयही दुबळं होतं. टॉरिनच्या कमतरतेनं मांजरांचं हृदय सुजतं आणि टॉरिन दिलं की सुधारतं, हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी १९८७ साली दाखवून दिलं. स्वयंपाकघरात मांस-मासे चालत नसतील, तर मांजरांसाठी तयार मिळणारं कोरडं खाणं हा मधला मार्ग आहे. पण तेही मांस-माशांपासूनच केलेलं असतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी सांगून टाका. ते वेगळ्या डब्यात, बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवायचं असं ठरलं, की पुष्कळशी कुरबूर मिटते.

चौथा प्रश्न, दिवाळीत आणि मे महिन्यात गावी जाताना मांजराचं काय? शेजारच्या वहिनी किल्ली घेऊन दोन वेळा डोकावतील का, ते त्यांना आधीच विचारा. घर भाड्याचं असेल तर मालकांच्याही कानावर घाला. खर्चाचा हिशेबही मांडा. पिल्लू फुकट मिळतं, पण लसी, जंताचं औषध, एक शस्त्रक्रिया आणि महिन्याचं खाणं फुकट नसतं.

देशी की पर्शियन?

दुकानात कापसाच्या गोळ्यासारखं पर्शियन पिल्लू पाहिलं की भुरळ पडते. पण त्याचे लांब केस रोज विंचरावे लागतात. नाहीतर त्यांच्या जटा होऊन खालची कातडी दुखते. चेहरा जितका चपटा, तितका श्वासाचा त्रास जास्त, आणि डोळे सतत पाझरतात. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही आढळतो. आणि आपला उन्हाळा आहेच.

त्यापेक्षा आपलं देशी मांजर काटक. तलम, आखूड केस, अंग स्वतःच स्वच्छ ठेवणार, आपल्या हवेला सरावलेलं. पावसाळा जवळ आला की कुठल्या ना कुठल्या जिन्याखाली, अडगळीच्या खोलीत मांजर व्यालेलं असतंच. त्यातलंच एखादं पिल्लू घेतलंत, तर एका जिवाचं कल्याण होईल.

रंगाबद्दल दोन गमतीच्या गोष्टी. पांढरा, काळा आणि केशरी असे तिन्ही रंग अंगावर असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, आणि सबंध केशरी मांजरांत बोक्यांचं प्रमाण जास्त असतं. रंगाचं बीज लिंगाच्या बीजाशी जोडलेलं असतं म्हणून असं होतं. पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं मांजर दिसायला देखणं, पण पुष्कळदा बहिरं निघतं. मागे उभं राहून टाळी वाजवून पाहावी. मात्र अगदी लहान पिल्लांचे डोळे निळेच असतात. खरा रंग दीड-दोन महिन्यांनी उतरतो. आणि काळ्या मांजरानं कुणाचं काही वाईट केल्याचं ऐकिवात नाही. आडवं जातं ते आपल्या कामाला जात असतं!

पिल्लू कसं पारखावं?

पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. दहा-बारा आठवड्यांचं मिळालं तर अधिकच चांगलं. आईजवळ आणि भावंडांत राहून ते खायला, माती उकरून झाकायला आणि खेळताना नखं आत ओढून घ्यायला शिकतं. फार लवकर उचललेली पिल्लं पुढे चावकी होतात. दुसरी गोष्ट, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागलेली पिल्लं माणसाळतात. या दिवसांत रोज कोणी उचलून घेतलं असेल, तर ते पिल्लू पुढे मांडीवर येऊन बसेल. तेव्हा पिल्लू कोणाच्या माळ्यावर व्यालं, तिथं त्याला हाताळणारं कोणी होतं का, हे जरूर विचारा.

बघायला जाल तेव्हा घाई करू नका. भाजी घेतानासुद्धा आपण वांगं उलटंपालटं करून बघतो की नाही? डोळे स्वच्छ आणि चमकदार हवेत, चिपडं नकोत. नाक वाहत नसावं, शिंका नसाव्यात. कानात कॉफीच्या पुडीसारखी काळी घाण दिसली तर आत बारीक किडे आहेत असं समजावं. हिरड्या गुलाबी हव्यात, पांढऱ्या फटक नकोत. शेपटीखाली घाण चिकटलेली असेल तर जुलाब होत असणार. अंग रोड आणि पोट मात्र टमटमीत असेल तर बहुधा जंत. अंगावर गोल, केस गेलेले चट्टे असतील तर ते गजकर्ण असू शकतं, आणि ते मुलांना चटकन लागतं. यातली पुष्कळ दुखणी औषधानं बरी होतात, पण घरात तान्हं मूल असेल तर आधी डॉक्टरला दाखवून मगच घरी आणावं.

जे पिल्लू दोरी हलवताच धावत येतं, उचललं की क्षणभर धडपडून मग सैल होतं, ते घरात रुळायला सोपं. कोपऱ्यात दबून फिस्कारणाऱ्याची दया येते खरी, पण त्याला वेळ नि शांतता लागते. लहान मुलांच्या गडबडीत ते अधिकच बुजेल. दिवसभर घर बंद राहत असेल, तर एकाच वेतातली दोन पिल्लं घेणं उलट सोयीचं. ती एकमेकांशी खेळतात आणि तुमचे पडदे वाचतात. घरात वयस्कर माणसंच असतील, तर दोन-तीन वर्षांचं शांत, मोठं मांजर घ्यावं. त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो.

बोका की मांजरी?

हा प्रश्न सगळ्याजणी विचारतात. खरं म्हणजे शस्त्रक्रिया केली तर दोन्ही सारखेच. न केली तर दोघांचेही ताप वेगवेगळे. बोका वयात आला की दारावर, सोफ्यावर, तांदळाच्या पोत्यावर मुताची पिचकारी मारून आपली हद्द आखतो. तो वास फिनाईलनंही जात नाही. रात्र रात्र बाहेर राहून मारामाऱ्या करतो आणि कान फाडून घरी येतो.

मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली, की माजावर येऊन घसा फोडून ओरडू लागते. नऊ आठवड्यांत विते, तीन ते पाच पिल्लं होतात, आणि ती अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पहिल्या वेताची पिल्लं शेजारी हौसेनं नेतात. दुसऱ्या वेताला लोक दार लावून घेतात. पाच-सहा महिन्यांची असताना, पहिल्यांदा माजावर येण्याआधीच शस्त्रक्रिया केली, तर हे सगळं टळतं. पुढे स्तनात गाठी होण्याचा धोकाही खूपच कमी होतो. "एकदा तरी आई होऊ द्यावं हो तिला," असं म्हणणाऱ्या मायाळू बायका पुष्कळ भेटतात. मांजरीला त्याची आस नसते. एकदा व्यायल्यानं तिच्या प्रकृतीला काही फायदाही होत नाही. त्या पिल्लांना घरं कोण देणार, एवढंच त्यांना विचारावं.

दूधभात पुरे नाही

मांजर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुधाची बशी येते. पण आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचवता येत नाही आणि जुलाब होतात. तेव्हा बशीत दूध नको, ताजं पाणी ठेवा. दूधभातावर वाढवलेलं मांजर जगतं ते बाहेर जाऊन उंदीर-पाली खातं म्हणून. कोंडून ठेवलेल्या फ्लॅटमधल्या मांजराला ती सोय नाही.

उकडलेलं चिकन किंवा मासे, अधूनमधून काळीज, उकडलेलं अंडं हे चालतं. पण रोजचं पोषण नुसत्या घरच्या खाण्यावर भागत नाही, म्हणून तयार खाणं निम्म्याहून अधिक असावं. शिजवलेली हाडं देऊ नयेत, ती तडकून घशात रुततात. कच्चे मासे रोज नकोत. बोंबील-सुकट खारट असते, तीही नको. आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, मोठ्याला दोनदा खाणं द्यावं.

वाळूचं घमेलं

पसरट घमेलं किंवा जुना प्लास्टिकचा टब घ्या. त्यात दोन-तीन इंच बारीक वाळू, माती किंवा लाकडाचा भुसा घाला. बाजारात मिळणारी भाजक्या चिकणमातीची 'लिटर' अमेरिकेत १९४७ साली निघाली. त्याआधी तिकडेही राख नि वाळूच वापरत. घमेलं खाण्याच्या जागेपासून दूर, आडोशाला ठेवावं. पिल्लाला जेवणानंतर त्यात नेऊन ठेवलं, की दोन दिवसांत कळतं. घाण रोज काढा. मांजर आपल्यापेक्षा स्वच्छतेचं शिस्तीचं असतं. घमेलं घाण असेल तर ते तुमच्या गादीची निवड करील, आणि त्यात त्याची चूक नसेल.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बोका पुन्हा पुन्हा घमेल्यात जाऊन कळ काढत बसतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. तसंच दोन दिवस काहीच न खाणारं मांजर 'रुसलंय' म्हणून सोडून देऊ नका. उपासानं त्याचं यकृत बिघडतं.

आपल्याच घरातले शत्रू

आपण निर्मळपणासाठी ज्या वस्तू वापरतो, त्यांतल्या कित्येक मांजराला विष ठरतात. फरशीला फिनाईल लावली, मांजर तिच्यावरून चाललं आणि मग पंजे चाटले, की ते पोटात जातं. साबणाच्या पाण्यानं पुसा. फिनाईल लावायचीच असेल तर फरशी धुऊन, वाळल्यावर मांजर आत घ्या. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, कापूर, उंदराचं औषध हे सगळं उंचावर, बंद ठेवा. विष खाऊन मेलेला उंदीर खाल्ला तरी मांजर दगावू शकतं.

सगळ्यांत मोठा धोका औषधाच्या डब्यात आहे. मांजराचं अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. माणसाचं यकृत ते औषध पचवून टाकतं, मांजराला ते जमत नाही. एका गोळीनं मांजर मरतं. कुत्र्याच्या गोचिडीवरचं औषधही मांजराला लावू नका. त्यांतल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते त्याला मारक आहे. फुलदाणीत लिली ठेवत असाल तर तेही बंद करा. तिच्या पानानं, फुलानं, अगदी परागानंही मूत्रपिंडं निकामी होतात.

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी सुई-दोरा उघड्यावर ठेवू नये. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला बाहेर टाकता येत नाही, तो गिळला जातो. मग आतडी चुण्या पडून गोळा होतात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला, तर ओढू नका, तडक डॉक्टरकडे न्या. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल, तर खिडक्यांना नि बाल्कनीला जाळी लावूनच पिल्लू आणा. मांजर चार पायांवर पडतं हे खरं, पण पाय मोडायचे राहत नाहीत.

चावलं, ओरबाडलं तर

आठव्या आठवड्यापासून नेहमीच्या लसी सुरू कराव्यात. त्या तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांपर्यंत पुन्हा द्याव्या लागतात. बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. जंताचं औषधही त्यांनाच विचारून द्यावं. लसीचं कार्ड मुलांच्या रिपोर्ट कार्डाशेजारी ठेवा, म्हणजे हरवणार नाही.

रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो ही समजूत चुकीची आहे. मांजरामुळेही होतो. एकदा लक्षणं दिसू लागली, की त्यावर उपाय नाही. मांजर चावलं, किंवा ओरबाडून रक्त आलं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात. हळद, चुना, तिखट, तेल काही भरू नका. पट्टी बांधू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. जखम खोल असेल तर जखमेत आणखी एक औषध टोचावं लागतं, ते टाळू नका. मांजर दहा दिवस डोळ्यांखाली ठेवावं, पण ते ठणठणीत राहतंय का ते बघत लस थांबवू नये. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून पुष्कळांना वाटते. ती जुनी लस २००५ सालापासून आपल्या देशात वापरात नाही. आता इंजेक्शनं मोजकी, आणि तीही दंडात.

सुनेला दिवस गेले म्हणून...

मांजरांना घराबाहेर काढण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण हे. कोणीतरी सांगतं, मांजरामुळे पोटातल्या बाळाला अपाय होतो, आणि चार वर्षं घरात वाढलेलं मांजर रात्रीत नाहीसं होतं. यात खरं किती ते नीट समजून घ्या.

टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू आहे. गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला खरोखरच धोका असतो, म्हणून काळजी घ्यायलाच हवी. पण मांजराला हात लावून, मांडीवर घेऊन तो सहसा लागत नाही. लागण झालेलं मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, एक ते तीन आठवडे, विष्ठेतून त्याची अंडी टाकतं, आणि ती अंडी रोग लावण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे घमेलं रोजच्या रोज साफ झालं तर धोका फारच कमी. त्या नऊ महिन्यांत ते काम दुसऱ्या कोणी करावं. यजमान आहेतच! गरोदर बाईनं कुंड्यांची माती हाताळताना हातमोजे घालावेत. भाज्या-फळं नीट धुवावीत. मांस पुरतं शिजवून खावं, कारण पुष्कळ बायकांना हा जंतू कच्च्या मांसातून किंवा न धुतलेल्या भाजीतून लागतो. मांजराला कच्चं मांस देऊ नये, बाहेर शिकारीला सोडू नये. आणि पहिल्याच तपासणीला डॉक्टरीणबाईंना सांगावं, "आमच्याकडे मांजर आहे." गरज वाटली तर त्या रक्त तपासतील. मात्र नवीन पिल्लू आणण्याचा विचार असेल, तर तो बाळंतपणानंतरपर्यंत पुढे ढकलावा.

बाळ घरी आलं की पाळण्यावर मच्छरदाणी टाका. मांजराला ऊब आवडते म्हणून ते पाळण्यात शिरतं, दुष्टाव्यानं नव्हे.

पोतं उचलण्याआधी

आपल्याकडे मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं म्हणतात. म्हणून मारत कोणी नाही. पोत्यात घालतात आणि नदीपलीकडे किंवा मासळीबाजारात सोडून येतात, आणि हात झटकतात. घरात वाढलेल्या मांजराला शिकार येत नाही, तिथले बोके त्याला टिकू देत नाहीत. थोड्याच दिवसांत ते उपाशी मरतं किंवा गाडीखाली येतं. १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पाळलेला प्राणी असा उपाशी टाकून देणं हा गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे मुलं हे सारं बघत असतात. अडचणीचं झालेलं कोणीही पोत्यात घालून सोडून देता येतं, हा धडा त्यांच्या मनावर फार खोल उमटतो.

म्हणून आजच्या जेवणाच्या वेळी पानावर बसल्या बसल्या वरचे चार प्रश्न घरात विचारा. चारही उत्तरं पटण्यासारखी मिळाली, तर खुशाल पिल्लू बघायला जा. घमेलं, वाटी आणि डॉक्टरांचा पत्ता मात्र आधी तयार ठेवा. पहिली रात्र त्याला सबंध घर देऊ नका. एकाच खोलीत, जुन्या साडीची घडी घालून ठेवा. सोबत आईजवळचं फडकं आणलं असेल तर ते कमी रडेल. आणि एका जरी प्रश्नाला उत्तर सापडलं नाही, तर मुलांना 'आत्ता नाही' असं स्पष्ट सांगण्यात काहीच कमीपणा नाही. गच्चीवर पाखरांसाठी परळात पाणी ठेवायचं काम त्यांच्याकडे सोपवा. ते सबंध उन्हाळा, एकही दिवस न चुकता त्यांनी केलं, तर पुढच्या वर्षी पिल्लाचा विचार करायला हरकत नाही.